परिषदेत घरगुती राउटरचा डेमो देताय? या चुका टाळा

पहिल्यांदा डेमोचं टेबल मिळालं तेव्हा आमची फजिती झाली ती नेट फार चांगलं असल्यामुळे. आमचा नमुना राउटर बफरब्लोटवरचा, म्हणजे रांगेत पॅकेटं साचून होणाऱ्या उशिरावरचा होता. घरात एकाने मोठी फाइल चढवायला घेतली की दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडखळतो, तो अडखळू नये एवढंच त्याचं काम. सभागृहाची लाइन इतकी रुंद होती की फाइल चढताना रांग लागलीच नाही. उपाय बंद, पिंग (पॅकेटला जाऊन-येऊन लागणारा वेळ) सपाट. उपाय चालू, पिंग तसाच सपाट. समोरचे प्राध्यापक शांतपणे म्हणाले, "मग दुखणं काय होतं?"

तेव्हापासूनचा माझा नियम असा की नेटवर्कचा डेमो करताना यजमानांकडे नेटवर्क मागायचंच नाही. नेटवर्क संशोधनाची परिषद कोणतीही असो, बेंगळुरूची कॉमस्नेट्स वा सिगकॉम, टेबल, पोस्टरचा बोर्ड आणि विजेचा प्लग मिळाला की आपलं भागलं पाहिजे.

दुखणं सोबत न्या

अरुंद लाइन टेबलावरच बांधा. अपलोड १ एमबीपीएसवर आणा आणि मधे १२८ केबीचा साधा बफर ठेवा. तो भरला की रिकामा व्हायला सेकंदभर लागतो, आणि मागून येणाऱ्या प्रत्येक पॅकेटला तेवढा उशीर होतो. पिंगचा आलेख असा उसळतो की समजावून सांगायची गरज उरत नाही.

इथे नवखी मंडळी हमखास एक चूक करतात. लांबच्या सर्व्हरचा आभास आणायला लिनक्सचं नेटएम वापरतात, ते ठीक. पण ते त्याच यंत्रावर, त्याच इंटरफेसवर लावतात जिथे एफक्यू-कोडेल, म्हणजे रांग छोटी ठेवणारं तंत्र, चालू आहे. मग दोघांच्या रांगा एकमेकांत गुंततात आणि येणारे आकडे कशाचेच नसतात. कृत्रिम उशीर मधल्या वेगळ्या यंत्रावर लावा. जुना मिनी पीसीसुद्धा चालेल.

दुसरी चूक आकड्यांची. रांगेतला उशीर ५ मिलिसेकंदांत ठेवणं हे कोडेलचं मूळचं लक्ष्य. १ एमबीपीएसवर १५०० बाइटचं एकच पॅकेट बाहेर पडायला १२ मिलिसेकंद लागतात. म्हणजे रांग नसतानाही लक्ष्य चुकलेलंच! अशा लाइनवर ते १५च्या आसपास न्या. आणि राउटरमधली वेगमर्यादा लाइनच्या वेगापेक्षा थोडी कमी ठेवा, नाहीतर रांग पुढच्या यंत्रात जाऊन बसते आणि तुमची हुशारी रिकाम्या रांगेवर खर्च होते.

मोजमाप मात्र वायरवरच करा. वायफाय त्या बांधलेल्या लाइनपेक्षाही मंद झालं तर रांग वायफायच्या ड्रायव्हरमध्ये लागेल, आणि गर्दीच्या सभागृहात ते होतंच.

हवेच्या भरवशावर राहू नका

जून २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्स आयफोन ४ दाखवत असताना पान उघडेना. सभागृहात तेव्हा ५७० वायफाय बेस स्टेशनं चालू होती, बरीचशी प्रेक्षकांच्या खिशातली, आणि जॉब्सना ती बंद करायची विनंती करावी लागली. ती संशोधन परिषद नव्हती, पण रोग तोच. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. सकाळी रिकाम्या सभागृहात केलेली तालीम चहानंतर कुचकामी ठरते. माणसांची शरीरं सिग्नल शोषतात, आणि प्रत्येकाच्या खिशात फोन असतो तो वेगळाच.

५ गिगाहर्ट्झवर जाताना चॅनेल बघून घ्या. रडारशी वाटून घेतलेल्या चॅनेलवर राउटरला आधी किमान ६० सेकंद नुसतं ऐकावं लागतं, आणि मधेच रडार आढळलं तर चॅनेल सोडावा लागतो. पाहुणा समोर उभा असताना राउटर रीस्टार्ट केला की ते मिनिट फार लांब वाटतं. ३६ ते ४८ या चॅनेलवर ही कटकट नसते. परदेशात गेलात तर फर्मवेअरमधला देश बदला.

सगळं बरोबर असूनही फोन जोडले जाऊन लगेच तुटत असतील तर यजमानांच्या यंत्रणेवर संशय घ्या. काही वायरलेस कंट्रोलर परक्या राउटरच्या ग्राहकांना 'जोडणी तोडा' अशा खोट्या फ्रेम (वायफायचे संदेश) पाठवतात. नॅशव्हिलच्या गेलॉर्ड ऑप्रीलँड हॉटेलात परिषदांना आलेल्यांचे हॉटस्पॉट असेच अडवले गेले होते, आणि त्याबद्दल २०१४ मध्ये हॉटेल चालवणाऱ्या मॅरियटने अमेरिकेच्या एफसीसीला (दूरसंचार नियामकाला) ६ लाख डॉलर मोजले. भांडत बसायला तुम्हाला वेळ नसतो. डब्ल्यूपीए३ ही वायफायची सुरक्षा लावा, त्यात या फ्रेमना संरक्षण सक्तीचं आहे. आणि नेटवर्क सांभाळणाऱ्या चमूला राउटरचं नाव आधीच कळवून ठेवा.

चुकीच्या भोकात वायर

इंटरनेट लागलंच तर भिंतीतली वायर राउटरच्या वॅन (बाहेरच्या नेटच्या) पोर्टातच घाला. लॅन (घरच्या बाजूच्या) पोर्टात गेली, तर तुमचा राउटर सभागृहातल्या लोकांना स्वतःचे पत्ते वाटायला लागतो, आणि थोड्याच वेळात नेटवर्कवाले वायरचा माग काढत तुमच्या टेबलापाशी हजर. मी लॅन पोर्टांवर चक्क सेलोटेप चिकटवते. वायर नीट बसूनही काहीच चालत नसेल तर पत्ते बघा: दोन्ही बाजूंना १९२.१६८.१.x आलं की राउटरला कुठली बाजू कुठली ते कळत नाही. घरच्या बाजूला १०.७७.x सारखा आडवळणी पत्ता आधीच देऊन ठेवा.

काही किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

रास्पबेरी पायच्या जुन्या मॉडेलांना बॅटरीवरचं घड्याळ नाही. वीज काढली की वेळ मागे राहते, आणि नेटशिवाय ती सुधारत नाही. मग प्रमाणपत्रं अजून लागूच झालेली नाहीत असं समजून ब्राउझर पान नाकारतो. उपाय म्हणजे शंभर-दोनशे रुपयांचं घड्याळाचं मॉड्यूल, किंवा चालू केल्यावर हाताने वेळ घालणे.

डेमोच्या फोनमधला मोबाइल डेटा बंद करा. वायफायला इंटरनेट नाही हे लक्षात आलं की फोन गुपचूप डेटावर जातो आणि तुम्ही अर्धा तास भलत्याच नेटवर्कचं कौतुक सांगत बसता. आमच्या एका मित्राने खरोखर सांगितलं होतं.

एक्स्टेंशन बोर्ड स्वतःचा न्या.

आणि रेकॉर्डिंग करून ठेवा, पण ते लावाल तेव्हा पडद्यावर 'रेकॉर्डिंग' असं ठळक लिहा. डेमो बघायला आलेल्या मंडळींपैकी कोणीतरी वाकून वायर उपटून बघतोच.