घरात कुत्रा आहे आणि बाळ येणार आहे? या चुका टाळा

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं आणि मी बाळंतपणाला ठाण्याला माहेरी गेले. टिप्या विक्रोळीतच राहिला. पाच वर्षं माझ्या पायाशी झोपलेला कुत्रा. चार महिन्यांनी बाळाला घेऊन परतले, तेव्हा दारात ओवाळायला बायकांची गर्दी आणि टिप्या बाथरूममध्ये कोंडलेला. माझा आवाज ऐकून तो आतून दार ओरबाडत होता. ते ओरखडे दारावर अजून आहेत.

कुत्रा बाळावर जळतो असं आपण पटकन म्हणून टाकतो. बहुतेकदा त्याला त्रास होतो तो रोजचा दिवस एकाएकी मोडल्याचा. म्हणून सगळे बदल बाळासोबत आणू नका. पलंगावर घ्यायचं नसेल, तर ते पाचव्या महिन्यातच बंद करा. सकाळी फिरवायला पुढे नवरा किंवा सासरे नेणार असतील, तर त्यांनी आत्तापासून न्यावं. बेडरूमच्या दाराला जाळीचं फाटक लावायचं असेल, तर तेही आधीच लावा. मोबाईलवर बाळाच्या रडण्याचा आवाज अगदी हळू लावायचा, त्याच वेळी खाऊ द्यायचा, आणि आवाज दिवसादिवसाने वाढवत न्यायचा.

माहेरी जाण्याची आपली रीत कुत्र्याला कोण समजावणार? जमेल तर मधूनमधून त्याला भेटवा. बाळ झाल्यावर त्याचं वापरलेलं, न धुतलेलं झबलं घरी पाठवा. ते हातात धरून थोड्या अंतरावरून हुंगू द्यायचं आणि शांत राहिला की शाबासकी द्यायची. नाकाशी कोंबू नका, खेळायलाही देऊ नका.

परतायच्या दिवशी त्याला आधी भरपूर फिरवून आणा. बाळ दुसऱ्या कुणाकडे देऊन आईने एकटीने आत जावं आणि त्याला पोटभर भेटावं. ओवाळणी दहा मिनिटं थांबू शकते. मग पट्टा लावून, लांबूनच बाळाची ओळख. बारशाच्या दिवशी त्याला ओळखीच्या घरी ठेवलेलं उत्तम.

सगळ्यात घातक चूक म्हणजे गुरगुरल्यावर फटका देणं. गुरगुरणं हा इशारा आहे. मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणं सोडतो, पण त्याची भीती जात नाही, आणि पुढच्या वेळी तो इशारा न देताच चावू शकतो. त्याच्याही आधी तो बरंच काही सांगत असतो: झोप नसताना जांभया, सतत ओठ चाटणं, मान वळवणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, अंग ताठ करून थिजणं. असं दिसलं की शांतपणे बाळाला दूर न्या आणि कुत्र्याला त्याच्या डॉक्टरांना दाखवा. कान किंवा सांधा दुखत असला तरी कुत्रा चिडचिडा होतो.

दोघांना एकटं सोडू नका. गॅसवरचं दूध बघायला गेलात तरी नाही. झोळी खाली लोंबत असेल तर अजिबातच नाही.

शेजारच्या काकूंनी मला बजावलं होतं, गरोदरपणी कुत्रा नको, टॉक्सोप्लाझ्मा होतो. तो परजीवी मांजराच्या विष्ठेतून पसरतो, कुत्र्याच्या नाही. कुत्र्याच्या बाबतीत सांभाळायचं ते जंतांचं औषध, दरवर्षीची रेबीजची लस आणि गोचिडी. आम्ही त्यासाठी परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात जातो. दात किंवा नख लागलंच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा, कुत्र्याची लस झालेली असली तरीही.

आणि बाळंतिणीचे डिंकाचे लाडू उंचावर ठेवा. त्यातल्या मनुकांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

आमची सुरुवात चुकली, तरी घडी बसली. रोज बाळाला पाजायला बसले की मी टिप्याच्या चटईवर त्याच्या खाण्यातले चार दाणे टाकायचे. तीन आठवडे गेले असतील. आता बाळ रडायला लागलं की तो उठतो, चटईवर जाऊन बसतो आणि माझ्याकडे बघत राहतो.