चामड्याच्या स्टिअरिंगचा चिकटपणा घालवायचा असेल तर

लेदरचं स्टिअरिंग चमकायला लागलं की ते छान दिसतंय असं वाटतं. खरं तर ती चमक हाताच्या तेलाची आणि मळाची असते. स्वच्छ लेदर बहुतेक वेळा मॅट दिसतं.

१. गाडी बंद करून सावलीत उभी करा. तापलेल्या स्टिअरिंगवर क्लीनर लगेच वाळतो आणि डाग पडतात.

२. लेदर क्लीनर थेट स्टिअरिंगवर फवारू नका, आधी मायक्रोफायबरच्या कापडावर घ्या. पाणी बटणांत आणि हॉर्नच्या फटीत शिरलं की नसती दुरुस्ती मागे लागते. क्लीनर नसेल तर कोमट पाण्यात सौम्य लिक्विड साबणाचे दोन-तीन थेंब पुरतात. कापड घट्ट पिळून घ्या.

३. थोडा थोडा भाग हलक्या हाताने पुसा. शिलाईतला मळ मऊ टूथब्रशने निघतो. हात सर्वांत जास्त जिथे टेकतात, तिथे दोन-तीनदा पुसावं लागतं. कापड काळं होत राहील. ते स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहा, पण जोरात घासू नका, लेदरचा रंग निघतो.

४. ओल्या कापडाने साबण पुसून पूर्ण वाळू द्या.

५. वाटाण्याएवढं लेदर कंडिशनर (चामडं मऊ ठेवणारं क्रीम) कापडावर घेऊन पातळ लावा, दहा-पंधरा मिनिटांनी कोरड्या कापडाने उरलेलं सगळं पुसून काढा. छिद्रांचं लेदर असेल तर आणखी कमी घ्या, छिद्रं बुजतात.

डॅशबोर्डचं पॉलिश मात्र स्टिअरिंगला कधीच लावू नका. वळणावर हात घसरतो.