लस कशाची बनली आहे, त्यावर ती कशी सांभाळायची ते ठरतं

लसीकरणाच्या सत्राला निघताना मुंबईत सगळ्यांना धास्ती असते ती उकाड्याची. म्हणून कॅरिअरमध्ये, म्हणजे लस नेण्याच्या थंड डब्यात, दगडासारखे कडक आईसपॅक भरले जातात आणि त्यांना टेकलेली पेंटाव्हॅलंटची (पाच रोगांवरच्या एकत्रित लसीची) वायल, म्हणजे कुपी, गोठून वाया जाते. आईसपॅक बाहेर काढून ठेवा, त्यावर घाम येऊ द्या. कानाशी धरून हलवल्यावर आत पाणी डुचमळलं की मगच कॅरिअरमध्ये भरा.

बीसीजी (क्षयरोगावरची), गोवर-रुबेला (एमआर), तोंडावाटे द्यायची पोलिओ या जिवंत पण दुबळ्या केलेल्या जंतूंच्या लसी. यांना मारते ती उष्णता. बीसीजी आणि एमआरला उजेडही सोसत नाही. या दोन्ही पावडरच्या लसींचं डायल्युएंट, म्हणजे कालवायचं द्रावण, त्याच कंपनीचं आणि आधी चोवीस तास थंड केलेलं हवं. एमआरच्या 5 डोसच्या वायलला 2.5 मिली, प्रत्येक डोस 0.5 मिली. कालवल्याची वेळ लेबलवर लगेच लिहा. 4 तासांनंतर थेंबही वापरू नका. त्यात जंतुरोधक नसतं. आत शिरलेला जंतू वाढतो आणि बाळाच्या जिवावर बेततं.

मारलेल्या जंतूंची लस मुंबईला जुनी ओळखीची: 1897 साली शास्त्रज्ञ हाफकिन यांनी प्लेगची लस इथेच जंतू तापवून, मारून बनवली. इंजेक्शनची पोलिओ आणि कोव्हॅक्सिन याच जातीच्या. धनुर्वात-घटसर्पाच्या लसीत जंतूचं निष्प्रभ केलेलं विष असतं, हिपॅटायटिस बीमध्ये विषाणूचं नुसतं एक प्रथिन. एवढ्याने शरीर नीट जागं होत नाही, म्हणून जोडीला ॲल्युमिनियमचा क्षार घालतात, पेंटाव्हॅलंटमध्येही. गोठलं की त्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि पुन्हा सुटत नाहीत.

कोव्हिशील्डमध्ये निरुपद्रवी विषाणू कोरोनाचं एक जनुक वाहून नेतो. तिला 2 ते 8 अंश पुरतात. फायझरच्या कोव्हिड लसीत एमआरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्याची सूचना असते; तिच्याभोवती चरबीचं नाजूक वेष्टन, म्हणून साठा उणे 70 च्या आसपास.

क्षारवाली वायल गोठल्याचा नुसता संशय असेल तर शेक टेस्ट करा. त्याच बॅचची एक वायल मुद्दाम गोठवून वितळवा, दोन्ही हलवून शेजारी ठेवा. संशयित वायलचा गाळ तितक्याच झटपट बसला तर ती बाद. इंजेक्शनच्या पोलिओला ही टेस्ट लागू नाही. डोळ्यांदेखत गोठलेली वायल तर टेस्ट न करताच बाद करा.

व्हीव्हीएमचा, म्हणजे वायलवरच्या उष्णता दाखवणाऱ्या खुणेचा, चौकोन भोवतीच्या वर्तुळाइतका गडद झाला की वायल वापरू नका. मात्र तो फक्त उष्णता मोजतो. गोठलेल्या वायलवरही तो फिकाच दिसतो.