गॅस गिझरला मोकळी हवा कशी मिळवून द्यावी

थंडी पडू लागली की पुण्या-नाशिककडच्या घरांत न्हाणीघराच्या झडपा बंद होतात, आणि नेमक्या याच दिवसांत गॅस गिझर सर्वांत जास्त वेळ चालतो. हा मेळ जिवावर बेतू शकतो, कारण गिझरची ज्योत आणि स्नान करणारा माणूस एकाच खोलीतल्या हवेवर अवलंबून असतात.

मिनिटाला 6 लिटर पाणी तापवणारा गिझर पूर्ण आचेवर तासाला पाऊण ते एक किलो एलपीजी जाळतो आणि एक किलो एलपीजी नीट जळण्यासाठी 12 ते 13 घनमीटर हवा लागते. 5 फूट बाय 7 फूट आणि 8 फूट उंचीच्या न्हाणीघरात एकूण हवाच सुमारे 8 घनमीटर असते. सगळे बंद असेल, तर दहा मिनिटांत त्यातील दीड ते दोन घनमीटर हवेतला प्राणवायू संपतो. एरवी हवेत 21 टक्के असणारा प्राणवायू अशा रीतीने घटला की ज्वलन अर्धवट होऊ लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गळती कळावी म्हणून एलपीजीमध्ये उग्र वासाचा पदार्थ मिसळलेला असतो, पण कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो आणि रंगही नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, त्यामुळे माणसाला गळून गेल्यासारखे वाटते आणि धोका लक्षात येईपर्यंत कडी काढण्याचेही त्राण उरत नाही.

म्हणून पहिला उपाय जागेचा आहे. गिझर न्हाणीघराच्या बाहेर, खऱ्या अर्थाने उघड्या बाल्कनीत बसवावा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी आणावी. ‘खऱ्या अर्थाने’ असे मुद्दाम म्हणतो, कारण अनेक फ्लॅटमध्ये ड्राय बाल्कनीला नंतर सरकत्या काचा लावलेल्या असतात. काचा लावल्या की ती बाल्कनी राहत नाही, एक लहान खोली होते. तिथे गिझर असेल, तर तो चालू असताना काचा उघड्याच राहिल्या पाहिजेत. गिझरचा धूर ज्या डक्टमध्ये सोडलेला आहे, त्याच डक्टमध्ये शेजाऱ्यांच्या न्हाणीघरांच्या खिडक्या उघडतात का, हेही पाहावे. आपला धूर त्यांच्या घरात जाता कामा नये.

जागा बदलणे शक्य नसेल, तर कायम उघडी राहतील अशी दोन छिद्रे हवीत: एक जमिनीलगत आणि एक छताजवळ. खालच्या छिद्रातून ताजी हवा आत येते आणि एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळालेला गॅसही तिथूनच बाहेर पडतो. वरच्या छिद्रातून गरम धूर निघून जातो. दोन्ही छिद्रे थेट घराबाहेर उघडावीत, शयनगृहात किंवा बंद पॅसेजमध्ये नव्हे. गिझरच्या पुस्तिकेत दिलेले माप पाळावे. माझ्या मते प्रत्येक छिद्राची मोकळी जागा 6 इंच बाय 6 इंचांपेक्षा कमी ठेवूच नये. डासांची जाळी लावली, तर तिच्या तारांनी अडलेली जागा या मापातून वजा धरावी. ती जाळी दर महिन्याला ब्रशने घासून धुवावी, कारण साबणाची वाफ, धूळ आणि कपड्यांचे तंतू एकत्र होऊन तिच्यावर राखाडी लेप बसतो व हवा जवळजवळ थांबते. दाराखालची फट म्हणजे वायुवीजन नव्हे.

एक्झॉस्ट फॅनवर पुष्कळांची भिस्त असते. आत हवा येण्याची वाट नसताना तो चालवला, तर खोलीतला दाब उतरतो आणि धुराच्या नळीतून बाहेर जाणारा वायू उलट आत ओढला जाऊ शकतो. खालचे छिद्र उघडे असेल तरच पंखा उपयोगाचा ठरतो.

हवा खरोखर खेळते का, हे उदबत्तीने तपासता येते. आधी गॅसचा वास येत नाही याची खात्री करावी आणि सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येत नाहीत ना, हे पाहावे. मग गिझर चालू करून, दार लावून, पेटलेली उदबत्ती खालच्या छिद्रापाशी धरावी. तिचा धूर आत वळला पाहिजे, आणि वरच्या छिद्रापाशी तो बाहेर ओढला गेला पाहिजे. धूर तिथेच घोटाळत राहिला, तर गिझर लगेच बंद करावा आणि छिद्रांची दुरुस्ती होईपर्यंत वापरू नये. गिझरची ज्योतही पाहावी: ती निळी व स्थिर हवी. पिवळी, लपलपणारी ज्योत किंवा बर्नरभोवतीची काजळी दिसली, तर तंत्रज्ञाला बोलवावे. पाइपच्या गॅसवर एलपीजीचा गिझर परस्पर जोडू नये.

छिद्रे असली तरी सवय बदलणे उत्तम. बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा, काही मिनिटे दार उघडे ठेवावे आणि मगच स्नानाला जावे. सकाळी घरातले सगळे एकामागून एक आंघोळ करतात, तेव्हा शेवटी जाणाऱ्याच्या वाट्याला सर्वांत खराब हवा येते. पुष्कळदा ती घरातली बाई असते. मुलांना आतून कडी लावू देऊ नये. न्हाणीघराबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा. एलपीजी गळतीचा अलार्म वेगळा असतो. तो हा वायू ओळखत नाही.

आत डोके दुखू लागले, चक्कर किंवा मळमळ आली, तर अंगावर साबण असला तरी तत्काळ बाहेर यावे. कोणी आत कोसळले असेल, तर दार उघडून त्याला मोकळ्या हवेत आणावे, गिझर बंद करावा आणि 108 वर फोन करावा. घरातल्या ऑक्सिमीटरवर आकडा चांगला दिसला म्हणून थांबू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेल्या हिमोग्लोबिनलाही ते यंत्र प्राणवायूने भरलेले समजते. गॅस गिझर चालू होता, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, म्हणजे नेमकी रक्ततपासणी होईल आणि प्राणवायू लगेच सुरू करता येईल.