मायएसक्यूएलची क्रॅश झालेली टेबलं अ‍ॅप्लिकेशनमधूनच दुरुस्त कशी करावीत

रोज रात्री क्रॉन (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) लावून सगळ्या टेबलांवर 'रिपेअर टेबल' चालवा, असा सल्ला अजूनही बिनधास्त दिला जातो. तो ऐकू नका. धडधाकट टेबलाला रिपेअर लागत नाही, आणि बिघडलेल्या टेबलावर ते डोळे मिटून चालवलं तर रेकॉर्ड जाऊ शकतात. बॅकअप रोज होतो, हे गृहीत धरतो.

1. इंजिन, म्हणजे टेबलाचा डेटा साठवणारा सर्व्हरचा भाग, कोणतं ते पाहा. 'शो टेबल स्टेटस' चालवा. खाली जे सांगतोय ते फक्त मायआयएसएएम या जुन्या इंजिनसाठी आहे. मायएसक्यूएल 5.5 पासून डीफॉल्ट असलेल्या इनोडीबी या इंजिनवर 'रिपेअर टेबल' चालतच नाही. ते सर्व्हर सुरू होताना रिडू लॉगवरून (झालेल्या बदलांच्या नोंदीवरून) स्वतःच सावरतं. नाही सावरलं तर बॅकअपवरून डेटा परत आणा. 'इनोडीबी फोर्स रिकव्हरी' ही सर्व्हरची सेटिंग 4 किंवा त्याहून वर नेली तर डेटा फाइल कायमची बिघडू शकते, त्यामुळे ती सेटिंग कुठल्याही स्क्रिप्टमध्ये नको.

2. नेमका एरर पकडा. 1194 म्हणजे टेबल क्रॅश झालंय, यावरच पुढची कारवाई. 1195 म्हणजे मागची दुरुस्तीही फसलीय. तिथे थांबा आणि माणसाला उठवा. 1034 आला, 'की फाइल (म्हणजे इंडेक्स फाइल) चुकीची' असं म्हणाला, तर आधी डिस्क बघा. टेम्प फोल्डर भरलं की हाच एरर येतो, आणि लोक धडधाकट टेबलाला रिपेअर करत बसतात.

3. दुरुस्ती सर्व्हरला करू द्या. घोळ होतो तो इथेच. मायआयएसएएमकडे ट्रान्झॅक्शन लॉग नसतो. लिहिताना लाइट गेली किंवा कुणी प्रोसेस मारली, की डेटा फाइल आणि इंडेक्स फाइल यांचा मेळ बसत नाही. अशा वेळी अ‍ॅप्लिकेशनच्या कोडमधून थेट 'रिपेअर टेबल' सोडलं, तर रेकॉर्ड कमी झाले तरी ते काम उरकून मोकळं होतं. उत्तरात 'रेकॉर्डची संख्या इतक्यावरून इतकी झाली' अशी एक वॉर्निंग येते, आणि ती वाचणारा कोड मी फार क्वचित पाहिलाय.

त्यापेक्षा सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये 'मायआयएसएएम रिकव्हर ऑप्शन्स' सुरू करा. मग सर्व्हर टेबल उघडताना ते क्रॅश आहे का किंवा नीट बंद झालं नव्हतं का, हे तपासतो आणि स्वतः दुरुस्त करतो. मायएसक्यूएलमध्ये हे मुळात बंद असतं.

या सेटिंगला व्हॅल्यू काय द्यायची? जिथे बघाल तिथे 'बॅकअप, फोर्स' अशी जोडी सापडेल. माझं ठाम मत: फक्त 'बॅकअप' ठेवा, 'फोर्स' काढा. 'बॅकअप'मुळे दुरुस्तीत डेटा फाइल बदलली तर जुनी प्रत तारखेसह राहते. 'फोर्स' नसेल आणि एकाहून जास्त रेकॉर्ड जाणार असतील, तर सर्व्हर दुरुस्ती नाकारतो आणि लॉगमध्ये तसं लिहितो. मला हा नकारच हवा असतो. 'फोर्स' असेल तर 354 पैकी 344 रेकॉर्ड सापडले अशी एक ओळ लॉगमध्ये पडते, टेबल उघडतं, आणि उरलेले दहा कुठे गेले हे महिन्याअखेरीस हिशेबवाला विचारतो.

'रिपेअर टेबल'चा 'यूज एफआरएम' हा पर्याय तर ऑटोमेशनमध्ये कधीच नको. इंडेक्स फाइल गायब असेल किंवा तिचं हेडर फाटलं असेल, तरच ते हाताने, फाइलींची प्रत ठेवून चालवायचं. त्यात ऑटो-इन्क्रिमेंटचा (आपोआप वाढणाऱ्या क्रमांकाचा) चालू आकडाही जातो.

4. कोड छोटा ठेवा. 1194 आला की 'गेट लॉक'ने कुलूप घ्या, म्हणजे एका वेळी एकच रिक्वेस्ट पुढे जाईल. नाही मिळालं तर दुसरी रिक्वेस्ट ते काम करतेय, वापरणाऱ्याला 'थोड्या वेळाने पाहा' सांगा. मिळालं तर त्या टेबलावर 'फ्लश टेबल' आणि मूळ क्वेरी पुन्हा, एकदाच. फ्लशमुळे टेबल बंद होऊन नव्याने उघडतं, आणि उघडतानाच दुरुस्ती होते. डेटाबेस यूजरला त्यासाठी 'रिलोड'चा (नव्या आवृत्त्यांत 'फ्लश टेबल्स'चाही चालतो) हक्क लागतो. मोठ्या टेबलाला वेळ लागेल. प्रोसेसलिस्टमध्ये (सर्व्हरवर चालू कामांच्या यादीत) 'रिपेअर बाय सॉर्टिंग' दिसलं तर ठीक. 'रिपेअर विथ कीकॅश' दिसलं तर चहा नाही, जेवण उरकून या. मध्येच सर्व्हर रीस्टार्ट करू नका.

5. ईमेल पाठवा. प्रत्येक दुरुस्तीनंतर टेबलाचं नाव आणि आताचा रेकॉर्ड काउंट. जुन्या प्रती तपासून झाल्या की हटवा, नाहीतर त्यांनीच डिस्क भरेल.

एकच टेबल पुन्हा पुन्हा क्रॅश होत असेल तर डिस्क तपासा आणि ते इनोडीबीवर न्या. फुलटेक्स्ट सर्चसाठी (मजकुरातले शब्द शोधण्यासाठी) अडलं असेल, तर 5.6 पासून तेही इनोडीबीत आहे.