जपानातली पहिली सहल: पाच दिवस, दोन मुक्काम

एप्रिलमध्ये टोकियोत नोकरीवर रुजू झालेली मंडळी थोडी स्थिरावली की विचारू लागतात, गोल्डन वीकला, म्हणजे एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीच्या सुट्ट्यांत, कुठे जाऊ? हातात बहुतेकदा यादी तयार असते. पाच दिवसांत हाकोने, क्योटो, नारा, ओसाका, हिरोशिमा आणि जमलं तर कानाझावा. यातलं प्रत्येक ठिकाण बघण्यासारखं आहे. पण रोज नवं शहर घेतलं की देश गाडीच्या खिडकीतूनच दिसतो आणि रात्री बॅगा भरण्यात जातात. म्हणून माझं सांगणं असं, की यादी बाजूला ठेवा आणि आधी झोपायचं कुठे ते ठरवा. पाच दिवसांना दोन मुक्काम पुरेत, तीन दिवसांना एकच.

यामागे साधा हिशोब आहे. इथली हॉटेलं सकाळी १० किंवा ११ ला खोली रिकामी करायला लावतात आणि नवी खोली दुपारी ३ नंतर मिळते. देवळं आणि संग्रहालयं साडेचार-पाचला बंद होतात, शेवटचा प्रवेश त्याच्याही अर्धा तास आधी. मुक्काम हलवला की तो दिवस बघण्याच्या दृष्टीने जवळजवळ गेलाच. डिसेंबरात क्योटोत पावणेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, तेव्हा दिवस आणखी आखडतो.

मग जायचं कधी? कायद्याप्रमाणे पगारी रजा नोकरीला सहा महिने झाल्यावर लागू होते, १० दिवस. काही कंपन्या आधी देतात, तुमच्या करारात बघा. तोवर सरकारी सुट्ट्यांवरच भागवावं लागतं आणि त्याच दिवसांत सगळा जपान घराबाहेर पडलेला असतो. गोल्डन वीक, ऑगस्टच्या मध्यातला पूर्वजांच्या स्मरणाचा सण ओबोन आणि वर्षअखेर या तीन गर्दीच्या काळांत नोझोमी या सगळ्यात वेगवान शिनकानसेनचे (बुलेट ट्रेनचे) सगळे डबे आरक्षित असतात. ऐन वेळी स्टेशनवर जाऊन बसायला जागा मिळेल, हे विसरा. घाई नसेल तर जुलै, सप्टेंबर किंवा ऑक्टोबरमधला सोमवार जोडून आलेला शनिवार-रविवार धरा. रजा मिळू लागली असेल तर गोल्डन वीक संपल्यानंतरचा मे महिना मला सगळ्यात आवडतो. हवा छान असते, जूनचा पाऊस अजून यायचा असतो आणि हॉटेलांचे दर खाली आलेले असतात.

आता तिकिटाचं. भारतातून येणारा प्रत्येक जण सांगतो, जेआर पास, म्हणजे जपान रेल्वेचा ठरावीक दिवस हवं तितकं फिरायचा पास, घे. तुमच्याकडे रहिवासी कार्ड आहे, म्हणजे तो पास तुम्हाला मिळतच नाही. तो फक्त तात्पुरत्या भेटीवर आलेल्यांसाठी आहे. आई-बाबा पाहुणे म्हणून आले तर ते घेऊ शकतात, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या पासची किंमत २९,६५० येनवरून ५०,००० येन झाली. टोकियो ते क्योटो जाऊन-येऊन साधारण २८,००० येन लागतात, तेव्हा त्यांच्यासाठीही या सहलीला सुटी तिकिटंच स्वस्त पडतात. ॲपवर लवकर आरक्षण केलं तर सवलतही मिळते. नोझोमी सव्वादोन तासांत क्योटोला पोचवते. जाताना साध्या डब्यातली 'ई' आसनं मागा. हवा स्वच्छ असेल तर पाऊण तासाच्या आसपास फुजी उजव्या हाताला दिसतो.

बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर या गाडीत त्यासाठी वेगळी जागा आरक्षित करावी लागते. जादा पैसे पडत नाहीत, पण न करता चढलात तर १,००० येन द्यावे लागतात. त्यापेक्षा मोठी बॅग आणूच नका. आणलीच तर ताक्क्युबिनने, म्हणजे घरपोच सामान सेवेने पुढे पाठवा. हॉटेलच्या काउंटरवर बॅग दिली की ती बहुधा दुसऱ्या दिवशी ठरल्या जागी पोचते. वयस्कर माणसं आणि लहान मुलं बरोबर असताना ही सेवा म्हणजे मोठा आधार.

पहिल्या सहलीसाठी मी सुचवेन ते असं: तीन रात्री क्योटो, एक रात्र कोयासान, हे डोंगरावरचं मठांचं गाव. हिरोशिमाला स्वतंत्र वेळ द्यायला हवा. ते असं घाईत उरकण्याचं ठिकाण नव्हे.

पहिल्या दिवशी सकाळची गाडी पकडा. पोचल्यावर बॅगा हॉटेलात ठेवा, खोली मिळाली नाही तरी बॅगा ठेवून घेतात. मग तोजी या देवळात जा, स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटं. तिथला पाच मजली लाकडी मनोरा ५४.८ मीटर उंच आहे आणि तो दुरूनच दिसतो. पण तुम्ही व्याख्यानगृहात जास्त वेळ थांबा. हत्तीवर बसलेला इंद्र आणि हंसांच्या आसनावरचा ब्रह्मदेव तिथे भेटतात, नावं तेवढी ताइशाकुतेन आणि बोनतेन. आपल्याकडच्या माणसाला तिथून पाय निघत नाही. संध्याकाळी फुशिमी इनारी हे देवस्थान. ते रात्रंदिवस उघडं असतं आणि प्रवेशाला पैसे नाहीत, म्हणून ते बंद होणाऱ्या देवळांच्या वेळेत घालवू नका. नारा मार्गाची लोकल घ्या, मियाकोजी जलद गाडी इनारी स्टेशनवर थांबत नाही. शेंदरी तोरणांखालून वर चढणाऱ्या पायऱ्या पुष्कळ आहेत. बाबांचे गुडघे दुखत असतील तर त्यांनी अर्ध्यातून परतलं तरी काही बिघडत नाही, सुरुवातीचा भागच सगळ्यात सुंदर आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठा, कारण कियोमिझु हे डोंगरउतारावरचं देऊळ सकाळी ६ ला उघडतं. आठनंतर तिथल्या चढणीवर गर्दी उसळते. परतताना सांजुसांगेनदो हे देऊळ बघा: १२० मीटर लांब दालनात कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या, १,००१ मूर्ती ओळीने उभ्या आहेत आणि पुढे २८ रक्षकदेवता, त्यात बासरी वाजवणारा गरुड. आत फोटो काढता येत नाहीत, जमीन सपाट आहे, बूट काढायचे असतात. दुपारी मात्र हॉटेलवर जाऊन पडा. खरंच सांगते, ही दुपारची झोप आराखड्यात लिहून ठेवा. क्योटोच्या बसचं भाडं शहरात माणशी २३० येन आहे आणि त्या खच्चून भरलेल्या असतात. चौघं असाल तर जवळच्या अंतराला टॅक्सी फारशी महाग पडत नाही. बसचा जुना एकदिवसीय पास बंद झाला आहे, आता मेट्रो आणि बस मिळून १,१०० येनचा मिळतो.

तिसरा दिवस नाराचा. रिकाम्या हातांनी जाऊन संध्याकाळी परत यायचं. किंतेत्सु रेल्वेचं नारा स्टेशन उद्यानाच्या जवळ पडतं, जेआरचं लांब. तोदाइजी देवळातला महाबुद्ध सुमारे १५ मीटर उंच आहे आणि ७५२ साली त्याचा नेत्रोन्मीलन विधी भारतातून आलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूने केला होता. मुलांना हे तिथे, मूर्तीसमोर उभं राहून सांगा. हरणांना फक्त तिथे विकत मिळणारी बिस्किटंच द्या, आणि कागद, नकाशे, पिशव्या त्यांच्यापासून सांभाळा.

शाकाहारी असाल तर जेवणाची तयारी घरूनच करा. दिसायला भाजीचं असलेलं सूपही बहुधा बोनितो माशाच्या दाशीवर, म्हणजे उकळून काढलेल्या अर्कावर, केलेलं असतं. 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. 'मांस, मासे आणि माशाची दाशी चालत नाही' असं जपानीत फोनमध्ये लिहून ठेवा आणि आत बसायच्या आधी दाखवा. दुकानातल्या भाताच्या गोळ्यांपैकी उमेचा, म्हणजे आंबट आलुबुखाऱ्याचा, त्यातल्या त्यात बरा, तरी पाकिटावरचा मजकूर भाषांतर ॲपने वाचून घ्या. दशम्या आणि चटणी दोन दिवस सहज टिकतात. छोट्या देवळांत आणि दुकानांत रोख लागते, आणि रहिवासी कार्ड तर कायद्यानेच कायम जवळ हवं.

शाकाहारी माणसाची खरी चैन चौथ्या दिवशी. कुकाइ या बौद्ध आचार्यांनी ८१६ साली वसवलेलं कोयासान सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे आणि क्योटोहून तीन तास धरावे लागतात: ओसाकातल्या नाम्बाहून नानकाइ रेल्वे, गोकुराकुबाशीला केबल कार, मग बस. वरच्या स्टेशनपासून गावात चालत जायला मनाई आहे, बसच घ्यायची. मुक्काम मठातच करा. तिथलं शोजिन जेवण मांस, मासे, कांदा, लसूण यांच्याशिवाय केलेलं असतं आणि दाशी समुद्री शेवाळ व शिताके अळंबीची. जेवण साडेपाच-सहाला वाढतात, उशिरा पोचून चालत नाही. खोल्या लवकर भरतात, म्हणून क्योटोच्या हॉटेलआधी ही जागा नक्की करा आणि बाकीच्या तारखा तिच्याभोवती बसवा.

इथे एक गोष्ट मराठी माणसाने चुकवू नये. कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. हे ठिकाण वाकायामा प्रांतात येतं आणि त्या प्रांताचा महाराष्ट्राशी २०१३ पासून सहकार्याचा करार आहे. बसथांब्यापासून लांब नाही, वाकडी वाट करावी लागत नाही.

पाचव्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेला बसा आणि न्याहारीनंतर ओकुनोइन या समाधिस्थळाची वाट धरा. उंच देवदारांखालून दोन किलोमीटर, दोन्ही बाजूंना दोन लाखांहून जास्त समाध्या. कुकाइ तिथे समाधीत आहेत अशी श्रद्धा असल्याने रोज सकाळी ६ आणि साडेदहाला त्यांना जेवण नेतात. साडेदहाचा नैवेद्य बघून निघालात तर दुपारी शिन-ओसाकाला पोचता. परतीची शिनकानसेन चारनंतरची घ्या. डोंगरातल्या बस आणि केबल कारच्या वेळा एकमेकींना जोडलेल्या असतात, एक चुकली की पुढचं सगळं अर्धा-पाऊण तास सरकतं. तेवढी सवड हवीच.