जुन्या गाडीत इंजेक्शनचे इंजिन: कमी खर्चात पेट्रोलची व्यवस्था कशी बसवावी

कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत इंजेक्शनचे इंजिन बसवायचे ठरले की माउंटिंग, गिअरबॉक्स आणि वायरिंग यांवर महिनोन्‌महिने खल होतो, आणि पेट्रोलची व्यवस्था मात्र शेवटी उरलेल्या पैशांतून उरकली जाते. कार्बोरेटरला ०.३ ते ०.४ बार दाब पुरतो. पोर्ट इंजेक्शनच्या (प्रत्येक सिलिंडरच्या हवेच्या वाटेत पेट्रोल फवारणाऱ्या) बहुतेक इंजिनांना ३ ते ४ बार, म्हणजे सुमारे दहापट दाब लागतो. शिवाय कार्बोरेटरच्या फ्लोटच्या वाटीत थोडे पेट्रोल नेहमी शिल्लक असते, त्यामुळे पंपाने क्षणभर हवा ओढली तरी इंजिनाला ते जाणवत नाही. इंजेक्टरच्या रेलमध्ये, म्हणजे सर्व इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, अशी शिल्लक नसते. हवा आली की इंजिन लगेच अडखळते. म्हणून पंप किती मोठा घ्यावा याआधी, पंपाच्या तोंडाशी पेट्रोल अखंड कसे राहील, हा प्रश्न सोडवावा. (नवे इंजिनही कार्बोरेटरचेच असेल तर कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप पुरतो. तेथे इंजेक्शनचा पंप लावल्यास वाटीत येणारे पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह त्या दाबापुढे टिकत नाही आणि पेट्रोल ओसंडते.)

सुरुवात टाकीपासून करावी. ती पूर्ण रिकामी करून उतरवावी आणि आत उजेड टाकून गंज पाहावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत आणि खड्ड्यात साचते. त्यामुळे हे काम उघड्यावर, बॅटरीची वायर काढून आणि पेट्रोलच्या आगीसाठीचे अग्निशामक हाताशी ठेवूनच करावे. हलका गंज सायट्रिक ॲसिडच्या द्रावणाने निघतो. धुतलेल्या टाकीच्या सांध्यांतही वाफ दडून राहते, म्हणून तिला वेल्डिंग किंवा ग्राइंडर लावण्याचे धाडस घरी करू नये. ते काम टाक्या दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडेच द्यावे.

जुन्या टाकीत पेट्रोलचे हिंदकळणे रोखणारे आडपडदे बहुधा नसतात. टाकी पाव भरलेली असताना लांब वळण घेतले की पेट्रोल एका कडेला सरकते आणि ओढनळीचे तोंड उघडे पडते. यावर तीन उपाय आहेत. टाकीत आडपडद्यांची वाटी करून पंप आतच बसवणे हा माझ्या मते सर्वांत चांगला, कारण पेट्रोलात बुडालेला पंप थंड राहतो, आवाज कमी करतो आणि त्याला पेट्रोल वर ओढावे लागत नाही. मात्र आतल्या छोट्या नळीसाठी बुडवून वापरण्याचीच, म्हणजे एसएई जे३० या मानकातील आर१० दर्जाची होज (लवचीक रबरी नळी) घ्यावी. नेहमीची होज बाहेरून पेट्रोल लागून फुगते आणि फाटते. दुसरा उपाय टाकीबाहेर पाइपात जोडायच्या इनलाइन पंपाचा. हा पंप ढकलण्यात तरबेज आणि ओढण्यात कच्चा असतो, म्हणून तो टाकीच्या तळापेक्षा खाली आणि टाकीला लागून बसवावा. तिसरा उपाय म्हणजे १ ते २ लिटरची सर्ज टाकी: कमी दाबाचा पंप मुख्य टाकीतून ती सतत भरतो, तिच्या तळातून जास्त दाबाचा पंप इंजिनाला पेट्रोल देतो आणि जादा पेट्रोल वरून मुख्य टाकीत परत जाते. यात मूळ टाकी कापावी लागत नाही, पण दोन पंप आणि अधिक सांधे सांभाळावे लागतात.

आता पंपाचा आकार. टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन पूर्ण ताकदीवर दर अश्वशक्तीमागे ताशी साधारण ०.२३ किलो पेट्रोल खाते. २०० अश्वशक्तीला ते ४५ किलोच्या आसपास, म्हणजे ताशी सुमारे ६० लिटर होते; वर २५ ते ३० टक्के राखीव धरले की ताशी ८० लिटर पुरतात. हा आकडा इंजिनाच्या चालू दाबावरचा असावा, कारण दाब वाढला की पंपाचा प्रवाह घटतो आणि खोक्यावर अनेकदा बिनदाबाचा आकडा छापलेला असतो. ताशी २५५ लिटरचा पंप सर्रास सुचवला जातो, पण एवढ्या इंजिनात त्यातले बहुतेक पेट्रोल नुसते फिरून तापते. ज्या गाडीतून इंजिन आले तिच्याच जातीचा नवा पंप बहुधा पुरतो आणि स्वस्तही पडतो.

पैसा वाचवायचा तो चकचकीत, विणलेल्या आवरणाच्या होजवर. मूळ लोखंडी पाइप गंजलेला नसेल तर तो परतीसाठी वापरावा आणि पुढे जाणारा पाइप स्टीलचा किंवा तांबे-निकेलचा नवा टाकावा. लवचीक होज फक्त टाकीशी आणि इंजिनाशी ठेवावी, कारण इंजिन हलते. जास्त दाबाच्या बाजूला निदान एसएई जे३० आर९ दर्जाची होज आणि कडा वळवलेले इंजेक्शन-क्लॅम्प लावावेत. साध्या क्लॅम्पचे दाते होज कापतात. पाइपाच्या टोकाला उंचवटा नसेल तर क्लॅम्प कितीही आवळला तरी होज निसटू शकते. ३७ आणि ४५ अंशांचे फ्लेअर (पाइपाची फाकवलेली टोके) एकमेकांत बसल्यासारखे वाटतात, पण गळतात. पाइप एक्झॉस्टपासून दूर न्यावा, दर ३० ते ४५ सेंटिमीटरवर क्लिपने बांधावा आणि पत्र्यातून जाईल तेथे रबरी ग्रॉमेट घालावे.

फिल्टर दोन लागतात. बाहेरच्या पंपाच्या आधी सुमारे १०० मायक्रॉनचा जाळीचा आणि पंपानंतर सुमारे १० मायक्रॉनचा. उलटे लावल्यास बारीक फिल्टर पंपाचा घसा आवळतो. रेलला परतीचे तोंड असेल तर दाब ठरावीक ठेवणारा मूळ रेग्युलेटर राहू द्यावा आणि त्याची व्हॅक्यूम नळी इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डला जोडावी. रेलला एकच तोंड असेल तर दाब टाकीजवळच बांधावा लागतो. त्यासाठी १९९९ ते २००३ च्या शेव्हर्ले कॉर्व्हेटचा फिल्टर सोयीचा आहे, कारण त्यातच ४ बारचा रेग्युलेटर आणि परतीची वाट असते. मात्र आपल्या इंजिनाला नेमका एवढाच दाब लागतो ना, हे आधी पाहावे.

पंपाला वीज जुन्या स्विचमधून न देता बॅटरीवरून फ्यूज आणि रिले (थोड्या विजेच्या इशाऱ्यावर मोठी वीज चालू-बंद करणारा स्विच) यांमार्फत द्यावी. वायर २.५ ते ४ चौरस मिलिमीटरची असावी, अर्थची (विजेच्या परतीची) जोडणी स्वच्छ पत्र्यावर घ्यावी आणि रिलेचा हुकूम इंजिनाच्या संगणकाकडून यावा, म्हणजे इंजिन बंद पडताच पंपही थांबेल. अपघातात पंप तोडणारा इनर्शिया स्विच जुन्या बाजारात मिळतो. तो जरूर बसवावा. गाडी सुरू असताना पंपाच्या टोकांशी आणि बॅटरीवर व्होल्टेज मोजावे. फरक अर्ध्या व्होल्टहून जास्त आला तर बहुधा दोष अर्थचा असतो.

चाचणीसाठी इंजिन न फिरवता चावी पाच-सहा वेळा चालू-बंद करावी आणि प्रत्येक सांध्याला कोरडा कागद लावून पाहावा. नंतर परतीची नळी मापाच्या डब्यात सोडून पंप चालवावा. ३० सेकंदांत १ लिटर म्हणजे ताशी १२० लिटर. इंजिन गरम झाल्यावर सांधे पुन्हा तपासावेत. शेवटी दाबाचे मीटर काचेबाहेर, वायपरपाशी पक्के बांधून, पेट्रोलची नळी केबिनमध्ये मुळीच न आणता, टाकी पाव असताना गाडी चालवावी आणि मीटर पाहण्याचे काम शेजारी बसलेल्याकडे द्यावे. काटा वळणावर पडला तर दोष टाकीत आहे; सरळ रस्त्यावर वरच्या आरपीएमला हळूहळू पडला तर आधी फिल्टर, मग व्होल्टेज आणि मगच पंप तपासावा.